बिनवायरीचा आकडा

१

आमच्या जनरेटरला काहीच जोडलेलं नसलं की तो शिलाई मशीनसारखा वाजतो. शेजारच्या घरात कुणी साडीला फॉल-पिको करतंय असं. त्याच्यावर ‘इको’ नावाचं एक बटण आहे. ते दाबलं की मशीन लोडप्रमाणे चालतं. बल्ब लावला तर आवाज जरासा चढतो, मिक्सर लावला तर अंगात आल्यासारखं करतं, आणि सगळं काढून घेतलं की परत फॉल-पिको. एवढं लक्षात ठेवा. पुढचं सगळं या आवाजाच्या भरवशावर आहे, माझ्या नाही. माझ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही आणि त्यात त्यांची चूक नाही.

मी फरदीन, श्रीरामपूरचा. माझा पार्टनर कल्याण, अकोले तालुक्यातला. भंडारदऱ्याच्या पाण्याच्या कडेला कल्याणच्या चुलत्याचं रान आहे, तिथे आम्ही शनिवार-रविवार तंबू लावतो. आठ तंबू, एक चूल, बारा खुर्च्या आणि हा जनरेटर. सुटकेसएवढा, वर हँडल, दोन सॉकेट, आणि किती वॅट चाललेत ते दाखवणारी एक छोटी काच. कल्याण त्याला पुसून, गोधडीत गुंडाळून ठेवतो. मला त्याने कधी गोधडी दिली नाही.

दोन वर्षांपूर्वी कॉलेजच्या मुलींची सहल आली होती. मी एका तंबूमागे ब्लूटूथ स्पीकर लपवला आणि बोकड खोकतो तसा आवाज लावला. सगळ्या जीपमध्ये जाऊन बसल्या. एकटीच बाहेर आली, शांतपणे स्पीकर शोधला, माझ्या पांघरुणात ठेवला आणि आवाज फुल केला. ती निकिता, काष्टीची. कल्याण तिथेच तिच्या प्रेमात पडला. मीही पडलो असतो, पण मी तेव्हा पळत होतो.

आता गोष्ट लग्नापर्यंत आली होती आणि तिच्या वडलांपाशी अडली होती. कानिफनाथमामा, रिटायर्ड वायरमन. त्यांचं म्हणणं, तंबूत राहणाऱ्याला पोरगी दिली आणि उद्या वारा आला, तर घर कुठं हुडकायचं? निकिताने त्यांना एवढ्यावर आणलं की एक रात्र येऊन राहा, मग नाही म्हणा. शनिवारी येणार, रविवारी सकाळी सांगणार.

कल्याणने मला जनरेटरवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. मामा परत जाईपर्यंत एकही गंमत नाही. मी घेतली. मनापासून घेतली, म्हणून तर पुढचं जास्त वाईट वाटतं.

२

शुक्रवारी दुपारी चारला मी टाकी भरली, चोक ओढला, दोरीला हिसका दिला. मशीन सुरू. वायरी अजून जीपमध्येच होत्या, दोन्ही सॉकेट रिकामे, काचेवर शून्य. फॉल-पिको.

मी तंबूची खुंटी ठोकत होतो आणि आवाज चढला.

जास्त नाही. बाई शिवता शिवता जाड कापडाशी आली असेल एवढाच. जाऊन बघितलं तर काचेवर नऊ.

मी सॉकेटच्या भोकांत वाकून बघितलं. भोकंच होती. मग मी शहाण्या माणसासारखा विचार केला: दमट हवा, काचेतला बिघाड, जीपमध्ये बसलेला धक्का. मशीन बंद केलं, दहा मिनिटांनी सुरू केलं. शून्य. एक मिनिट गेलं. नऊ.

नऊ वॅट म्हणजे एक एलईडी बल्ब. माझं तिथेच अडलं. बिघाडाने आकडा यायचा तर सदतीस यावा, एकशेबारा यावा. बिघाड इतका घरगुती नसतो.

थोड्या वेळाने अठरा झाले.

कल्याण आला. त्याने काच बघितली, मग मला बघितलं. म्हणाला, शपथ घेऊन तीन तास नाही झाले. मी म्हणालो, मी काही केलं नाही. हे वाक्य मी आधी इतक्या वेळा बोललोय की आता ते खरं असलं तरी तोंडातून खोटंच निघतं.

बायडाबाई भाकरीच्या पिठाचं विचारायला आली होती. तिचं रान आमच्या बांधाला लागून, आमच्या पाहुण्यांच्या भाकरी तीच करते. तिने वाकून त्या अठराकडे बघितलं, काही विशेष वाटून घेतलं नाही.

“माज्याकडनं मीठ न्हेलं हुतं मागं,” ती म्हणाली. “डब्यात निम्मं ऱ्हायलं. दुसऱ्या दिवशी डबा काठोकाठ. म्हनलं, उसनं न्हेलं आसंल.”

“कुणी?” मी विचारलं.

“काठोकाठ दिलं की रं परत. मंग कशाला इचारायचं?”

आणि ती पिठाचा हिशोब सांगून गेली. सहा माणसांना दोन किलो.

३

शनिवारी साडेपाचला मामा उतरले. पांढरा सदरा, कानावर पेन असावा तसा टेस्टर. रिटायर होऊन चार वर्षं झाली तरी टेस्टर कानावरच. मागून रतनबाईमामी, स्वतःचं अंथरूण आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा घेऊन. निकिता शेवटी उतरली आणि उतरताच तिने माझे खिसे तपासले.

मामा कल्याणला नावाने बोलवत नव्हते. “अहो टेंटवाले,” म्हणत होते. अहो टेंटवाले, संडास कुठं. अहो टेंटवाले, इंचू-काटा हाय का. कल्याण प्रत्येक वेळी एक इंच बारीक होत होता. मामींना तंबूची चेन मात्र लई आवडली. पाच-सहा वेळा त्या आतून लावून बाहेर आल्या.

मग मामांना जनरेटर दिसला आणि त्यांचा चेहराच बदलला. शेजारी उकिडवे बसले, हात फिरवला, बरीच चौकशी केली. कल्याणने भीत भीत दोरी ओढून दाखवली. वायरी अजून लावल्या नव्हत्या. मामा डोळे मिटून ऐकत होते.

“ग्वाड वाजतंय,” ते म्हणाले.

आणि आवाज चढला.

मामांनी डोळे उघडले. सॉकेट बघितले. काच बघितली. नऊ. मी दोन्ही हात वर करून चार पावलं मागे गेलो, कुणी काही म्हणायच्या आत. कल्याणच्या तोंडचं पाणी पळालं. त्याला वाटलं, झालं, आता हे उठणार आणि एसटी विचारणार.

मामा उठलेच. पण तोंडावर असं हसू, की ज्याला चार वर्षं कुणी कामावर बोलावलं नाही त्याला आज बोलावणं आलंय.

“आकडा टाकलाय कुनीतरी,” ते म्हणाले.

मामांनी चौतीस वर्षं हेच केलेलं. तारेवर आकडा टाकून चोरून लाईट घेणारे शोधायचे. म्हशीच्या गोठ्यात सापडलेत, दुधाच्या किटलीत सापडलेत, एकाने तर बायकोच्या वेणीतून वायर नेली होती म्हणे. टेस्टर हातात घेऊन ते निघाले. पन्नास पावलांचा गोल मारला. गवत विंचरल्यासारखं बघितलं, तंबूच्या दोऱ्या ओढून बघितल्या, पाण्यात गुडघाभर जाऊन आले. वायर नव्हती.

परत येऊन ते जनरेटरपुढे उभे राहिले आणि मानाने म्हणाले, “बिनवायरीचा हाय. पयल्यांदाच बघतोय.”

४

त्यानंतरचा तास आमच्या कॅम्पचा आजवरचा सगळ्यात झकास तास होता, हे मला कबूल करावं लागेल.

मामांनी खुर्ची जनरेटरशेजारी ओढली. आम्ही सगळे चहा घेऊन गोल बसलो. सूर्य डोंगराला टेकत होता, पाणी गुळाच्या काकवीसारखं दिसत होतं, आणि मामा आवाजावरून सांगत होते काय चाललंय.

सत्तावीस झाले. तीन घरं, मामा म्हणाले, मान्सं रानातनं आली. मग एकदम सत्तरने वाढले. पंखा. डिसेंबरात पंखा कशाला, मामींनी विचारलं. मामा म्हणाले, चूल पेटंना झालीय, वलं लाकूड आसंल. दोन मिनिटांनी पंखा गेला. पेटली, मामी म्हणाल्या आणि त्यांना बरं वाटलं.

मग मशीनने अंगात आल्यासारखं केलं. पाचशे. थांबलं. परत पाचशे.

“मिक्सर,” मामा म्हणाले. “वाटन चाललंय. थांबून थांबून लावत्यात, म्हंजी लसून शेवटी घालनार.”

मामींनी ठरवून टाकलं की भरली वांगी असणार. निकिता म्हणाली, वांग्याला एवढं वाटण लागत नाही, जेवणावळ असेल. यावर मायलेकींचा वाद झाला. कुणाचं घर, कुठलं घर, हा प्रश्न कुणी काढलाच नाही. मलाही काढावासा वाटला नाही. तुम्ही तिथे असता तर तुम्हीही म्हणाला असतात, वांगीच.

मग निकिता वाद अर्धा सोडून उभी राहिली.

“पप्पा,” ती म्हणाली. “तिकडं बघा.”

५

पाण्याच्या पलीकडे डोंगराचा उतार आहे. झाडी आणि कातळ. पायवाटसुद्धा नाही. त्या उतारावर, पाण्यापासून थोडं वर, तीन दिवे होते.

“तिकडं वस्ती न्हाई,” कल्याण हळू म्हणाला. तो इथेच वाढलाय. त्याला ते माहीत असणार.

माझं डोकं अजून चालू होतं. कुणी ट्रेकवाले असतील. टॉर्च असतील. काचेवर सत्तावीस आणि समोर तीन दिवे, योगायोग असतो माणसाच्या आयुष्यात. तपासायचं तर सोपं होतं. शपथ गंमत न करण्याची होती, तपास न करण्याची नव्हती.

मी जनरेटर बंद केला.

तिन्ही दिवे गेले.

कल्याणने माझा हात धरला. मी दुसऱ्या हाताने दोरी ओढली. मशीन सुरू झालं. फॉल-पिको, फॉल-पिको. एक मिनिट. आवाज चढला आणि तीन दिवे लागले.

मग, मी कशालाच हात लावलेला नसताना, दिवे गेले. लागले. गेले. लागले. काचेवर सत्तावीस, शून्य, सत्तावीस, शून्य, सत्तावीस.

मी आयुष्यभर लोकांना असंच केलंय. आपल्याला कुणीतरी बघतंय आणि तिकडे बसून हसतंय, हे या बाजूने कसं लागतं ते मला त्या दिवशी कळलं.

निकिता हसली. एकटीच. “फरदीन,” ती म्हणाली, “तुला जोडीदार मिळाला.”

६

अंधार पडायला लागला म्हणून कल्याणने आमच्या कॅम्पच्या माळा जोडल्या. आठ तंबूंवर दिवे लागले, छान दिसलं. चुलीवर मटण रटरटत होतं. बायडाबाई भाकरी थापत होती. तेवढ्यात मशीनचा आवाज बदलला.

आधी वाटलं परत मिक्सर. पण तो थांबेना. हळू चढायचा, हळू उतरायचा. चढायचा, उतरायचा. काचेवर सहाशे, मग दोनशे, मग सातशे. आमच्या माळा त्याच्याबरोबर मंद व्हायच्या, परत उजळायच्या.

आम्ही मामांकडे बघितलं. मामा ऐकत होते.

“हे काय हाय?” मामींनी विचारलं.

मामांनी टेस्टर कानावरून काढून खिशात ठेवला. “म्हाईत न्हाई,” ते म्हणाले.

चौतीस वर्षांत त्यांनी हे वाक्य कधी बोललं नसावं. मामींनी पदर घट्ट ओढला. आणि मला दुसरीच गोष्ट जाणवली, ती मी कुणाला सांगितली नाही. मशीन चढलं की आम्ही सगळे श्वास घेत होतो. उतरलं की सोडत होतो. मी मुद्दाम रोखून बघितला. नाही रोखता आला.

समोरचे दिवे आता पिवळे आणि मोठे दिसत होते. त्यांच्या पुढून काहीतरी गेलं. डावीकडून उजवीकडे, सावकाश. आधी एक दिवा झाकला गेला, मग दोन, मग तिन्ही. माणूस चालत गेला तर एक दिवा झाकतो आणि मागचा मोकळा होतो. इथे तिन्ही एकदम झाकलेले राहिले, आणि बराच वेळ तसेच राहिले.

मशीनवर लाल लाईट लागली. लोड जास्त झालाय, म्हणजे आता ते आपणहून बंद पडणार.

“बंद करा ते, टेंटवाले,” मामा म्हणाले.

कल्याण जनरेटरपाशी गेला. त्याचा हात बटणावर होता. होणाऱ्या सासऱ्याने सांगितलेली पहिली गोष्ट. निकिता त्याच्याकडे बघत होती. मी मनात म्हणालो, दाब बाबा, दाब आणि लग्न कर.

कल्याणने बटण सोडलं आणि आमच्या माळांचा प्लग उपटला. सगळा कॅम्प काळा झाला. लाल लाईट विझली. मशीन मोकळं वाजायला लागलं.

“त्यांचं कायतरी चाललंय, मामा,” तो म्हणाला. “कार्य असंल. मधीच लाईट तोडनं बरं न्हाई. आपल्याला चुलीचा उजेड हाय की.”

मशीन चढत होतं, उतरत होतं. कल्याणने अंधारात चाचपत कॅनमधलं उरलेलं पेट्रोल जवळ आणून ठेवलं, बंद पडलं तर ओतायला. मग तो चुलीपाशी येऊन बसला आणि मामांना भाकरी वाढली.

मामांनी चार भाकरी खाल्ल्या. पाचवी अर्धी मागितली. जेवताना त्यांनी सांगितलं की नोकरीत त्यांनी कितीतरी घरांची लाईट तोडली, पण ज्या दारात मांडव दिसला तिथून ते शिडी घेऊन परत आले. त्यासाठी दोनदा मेमो मिळाला. एवढंच सांगितलं, आणि रस्सा मागितला.

आमचं जेवण उरकता उरकता मशीन फॉल-पिकोवर आलं. समोर काही नव्हतं. श्वास आपापले झाले. मामी तंबूत गेल्या आणि आतून चेन लावल्याचा आवाज आला. मग पुन्हा एकदा, खात्रीसाठी.

७

सकाळी मी सगळ्यात आधी उठलो. जनरेटर बंद होता, थंड. मी टाकीचं झाकण उघडलं. पेट्रोल काठोकाठ. कॅन तर भरून वर बूच घट्ट लावलेलं, आमच्या कुणालाच लागत नाही इतकं घट्ट.

आणि मशीनवर, हँडलच्या खाली, चिमूटभर तांदूळ. लाल. ओले.

मी हाका मारल्या. सगळे आले, आणि सगळ्यांनी आधी माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, कुंकू लावलेले तांदूळ मी कुठून आणू, मला ते कशात मिळतात तेही माहीत नाही. बायडाबाई म्हणाली, ह्यो खरं बोलतोय, ह्याचं तोंड बघा.

मामांनी तांदूळ तळहातावर घेतले. “अक्षता हायत,” ते म्हणाले. “आवतन आलंय.”

“कुनाच्या लग्नाचं?” मामींनी विचारलं.

मामांनी पाण्यापलीकडे बघितलं. तिथे झाडी होती आणि कातळ होता. “त्यांचं तर कालच उरकलं,” ते म्हणाले. “म्हंजी आता आपल्या घरचं काढा म्हनत्यात.” त्यांनी अक्षता रुमालात बांधल्या, रुमाल खिशात ठेवला. मग कल्याणकडे वळले.

“कल्याणराव, च्या ठेवा.”

कल्याण चहा ठेवायला गेला आणि रडत बसला. साखर मी टाकली.

८

लग्न मे महिन्यात, काष्टीला, गोरज मुहूर्तावर. पत्रिका छापल्या तेव्हा मामींनी आठवण केली की ज्यांच्याकडून अक्षता आल्या त्यांना आपल्याकडून जायला पाहिजेत. कल्याणने पाण्याच्या कडेला जनरेटर ठेवून वर चिमूटभर ठेवल्या. सकाळी नव्हत्या. पाखरांनी खाल्ल्या असतील, मी म्हणालो. मला अजून अशी वाक्यं बोलायला आवडतात.

मांडवामागे मी आमचा जनरेटर घेऊन बसलो होतो. लाईट गेली तर माईकपुरता तरी चालू करायचा. समोर सातशे माणसं, कुलर घोंगावतायत, निकिता अंतरपाटाच्या अलीकडून मला जीभ दाखवतेय. तिसरी मंगलाष्टका सुरू झाली आणि वारा सुटला. अख्ख्या काष्टीची लाईट गेली.

मी दोरीला हात घातला. ओढायच्या आत मांडव परत उजळला.

सगळं लागलं. माळा, फोकस, कुलर, माईक, जिलेबीवाल्याचा पंखा. बाहेर गाव काळंकुट्ट. मी काचेकडे बघितलं. काच बंद होती. मशीन मी सुरूच केलं नव्हतं.

मामा फेट्यासकट मागे आले. कानावर टेस्टर. त्यांनी तो मांडवाच्या वायरीला लावला, टेस्टर पेटला. मग ते वायरीवर हात ठेवून मागे मागे चालत गेले, जिथून ती आली असायला पाहिजे तिथवर. मेन स्विच खाली पाडलेला होता, म्हणजे बंद.

मामांनी तो तसाच राहू दिला. मग परत आले.

“आता आकडा आपन टाकलाय,” ते म्हणाले.

तेवढ्यात लाईट गेली. आली. गेली. आली. सातशे माणसांनी शिट्ट्या मारल्या आणि मग सातशे माणसांनी वळून माझ्याकडे बघितलं. मी दोन्ही हात वर केले. स्टेजवर निकिता इतकी हसत होती की भटजी थांबले.

शेवटच्या मंगलाष्टकेला अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, कल्याणच्या गळ्यात हार पडला. मामांनी डोळे पुसले आणि मला विचारलं, कॅन भरलेला आहे का. मी म्हणालो, आहे.

“मंग देऊन ये. रिकाम्या हातानं धाडायचं न्हाई त्यांना.”

“कुठं देऊ, मामा?”

त्यांनी टेस्टरने दाखवलं. मांडवाच्या पलीकडे नांगरलेल्या रानात पंगती बसल्या होत्या. पहिल्या चार पंगतींवर माळांचा उजेड होता, गोंधळ होता, वाढपी पळत होते. पाचवी पंगत उजेडाच्या बाहेर होती. ती अगदी सरळ रांगेत बसलेली, अगदी गप्प. पुढ्यात पत्रावळ्या मांडलेल्या. बसलेली असून तिची उंची मांडवाच्या खांबाएवढी होती. तिकडे अजून कुणी वाढपी गेला नव्हता.

मी कॅन उचलला. दोन पावलं गेलो आणि परत फिरलो, जिलेबीवाल्याकडून एक परात भरून घेतली.

शपथेची मुदत केव्हाच संपली होती. म्हणून वाटेत मी पाचव्या पंगतीच्या पहिल्या पाहुण्यासाठी एका जिलेबीवर मिठाची चिमूट टाकली. जोडीदार असेल तर ओळखेल.